पुसायची डिस्क नेमकी कोणती? टर्मिनलमध्ये एंटर दाबण्याआधी

लिनक्सवर डिस्क पुसायला एक ओळ पुरते आणि त्या ओळीला विचारपूस करायची सवय नसते. डीडी ही कमांड 'नक्की का?' असं विचारत नाही. डिस्कवर दहा वर्षांचे फोटो आहेत की नुसती रिकामी जागा, हेही ती पाहत नाही. रूटचे, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार देऊन नाव सांगितलं की ती लिहायला लागते. म्हणून खरं काम पुसण्याचं नाहीच. ते पाच मिनिटांत शिकता येतं. योग्य डिस्क ओळखणं हे काम आहे, आणि हा लेख जवळजवळ सगळा त्याबद्दल आहे.

कमांड इथं देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. एलएसबीएलके म्हणजे ही पाच अक्षरं सलग. वाइपएफएस म्हणजे 'वाइप' हा शब्द आणि त्याला चिकटून दोन अक्षरं. बाकीच्यांचंही तसंच. कमांडच्या आधी 'सुडो' असेल तर ती रूटच्या अधिकाराने चालते.

उदाहरणाला एक घरचा डेस्कटॉप घेऊ. त्यात ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) एसएसडी आहे, तिच्यावर लिनक्स. शिवाय एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या १ टीबीच्या दोन साटा हार्ड डिस्क आहेत. त्यांचा रेड-१ आरसा करून, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर राहील अशी जोडी लावून, घरचे फोटो आणि कागदपत्रं ठेवली आहेत. आणि आता यूएसबीला एक जुनी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली आहे, तीही १ टीबीची. ही शेवटची पुसून कुणाला तरी द्यायची आहे, किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विकायची आहे. तीन डिस्क सारख्याच आकाराच्या. इथंच माणसं फसतात.

एसडीबी म्हणजे टोकन नंबर

एसडीए, एसडीबी, एसडीसी ही नावं डिस्कना कर्नल (लिनक्सचा गाभा) वाटून देतं. जी डिस्क आधी सापडली तिला आधीचं अक्षर. दवाखान्यातल्या टोकनसारखं हे आहे: आज तुमचा नंबर दोन, उद्या पाच, माणूस तोच. कर्नल डिस्कची तपासणी समांतर करत असल्यामुळे मशीन पुन्हा चालू केल्यावर क्रम बदलू शकतो. यूएसबी डिस्क काढून परत लावली की एसडीसीची एसडीडी होऊ शकते, विशेषतः आधीचं नाव कुठल्या तरी प्रोग्रॅमने धरून ठेवलं असेल तर. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केलं असेल तर तो पेनड्राइव्हच एसडीए होऊन बसू शकतो आणि मशीनमधली डिस्क एसडीबी होऊ शकते. 'माझी मेन डिस्क नेहमी एसडीए असते' ही समजूत डोक्यातून काढून टाका.

एनव्हीएमईच्या नावांचा रोख थोडा वेगळा. एनव्हीएमई०एन१ मध्ये पहिला आकडा उपकरणाचा आणि 'एन१' म्हणजे त्यावरची पहिली नेमस्पेस (डिस्क म्हणून दिसणारी जागा). पुढे 'पी२' असेल तर दुसरं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग. दोन एनव्हीएमई असतील तर ० आणि १ यांचीही अदलाबदल होऊ शकते. लॅपटॉपमधल्या कार्ड रीडरमध्ये घातलेलं एसडी कार्ड बहुतेक वेळा एमएमसीबीएलके० असं दिसतं.

थोडक्यात, कालच्या वहीत 'एसडीसी पुसायची' असं लिहिलं असेल तर ती नोंद आज निरुपयोगी आहे. डिस्कची कायमची ओळख म्हणजे तिचा सिरियल नंबर. तो कारखान्यात पडतो, स्टिकरवर छापलेला असतो आणि डिस्कच्या आतही नोंदलेला असतो. पुढची सगळी खटपट स्टिकरवरचा नंबर, स्क्रीनवरचा नंबर आणि कमांडमधलं नाव या तिघांची गाठ घालण्यासाठी आहे.

टर्मिनल उघडण्याआधी

डिस्क हातात असेल तर स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा. मॉडेल, एस/एन म्हणजे सिरियल नंबर, आणि असेल तर डब्ल्यूडब्ल्यूएन (डिस्कचा जगात एकमेव असा ओळख क्रमांक), हे तीनही स्पष्ट दिसले पाहिजेत. एक्स्टर्नल डिस्कच्या खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सिरियल असतो.

मग जे काढता येईल ते काढा. इतर पेनड्राइव्ह, कार्ड, दुसरी बॅकअप डिस्क, सगळं. डेस्कटॉप उघडता येत असेल आणि आतल्या डिस्क मोलाच्या असतील, तर मशीन बंद करून त्यांच्या डेटा केबल काढून ठेवायला दहा मिनिटं लागतात. हा उपाय लोकांना भित्रेपणाचा वाटतो. माझ्या मते या लेखातला तोच सगळ्यात भरवशाचा उपाय आहे: जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जात नाही. रेड लावलेली असेल तर मात्र दोन्ही केबल काढा, एकच काढली तर आरसा अर्धवट अवस्थेत सुरू होईल आणि नंतर पुन्हा जुळवत बसावं लागेल.

दुसऱ्या मशीनवर एसएसएचने (नेटवर्कवरून उघडलेल्या टर्मिनलने) काम करत असाल तर आधी मशीनचं नाव सांगणारी होस्टनेम ही कमांड द्या. चार खिडक्या उघड्या असताना बरोबर डिस्कचं नाव चुकीच्या मशीनवर टाइप होणं हा प्रकार वाटतो त्याहून जवळ असतो.

यादी वाचणं

डिस्कची यादी देणारी कमांड एलएसबीएलके. ती नुसती दिली तर नाव, आकार, प्रकार आणि माउंट (डिस्क फाइल वाचायला कुठल्या फोल्डरशी जोडली आहे) अशा मोजक्याच गोष्टी मिळतात. आपल्याला जास्त हवं आहे:

एलएसबीएलके -डी -ई ७ -ओ नेम,साइझ,ट्रॅन,मॉडेल,सिरियल

'-डी' मुळे पार्टिशन गळतात आणि फक्त अख्ख्या डिस्क दिसतात. '-ई ७' मुळे लूप उपकरणं, म्हणजे डिस्कसारख्या वागवल्या जाणाऱ्या फाइल, गळतात. उबुंटूवर स्नॅप पद्धतीच्या प्रोग्रॅममुळे ती ढिगाने असतात आणि त्या गर्दीत डोळा चुकतो. आपल्या मशीनवर साधारण असं दिसेल (मॉडेल आणि सिरियलचे रकाने इथं गाळले आहेत):

एनव्हीएमई०एन१ — ४६५.८जी — एनव्हीएमई
एसडीए — ९३१.५जी — साटा
एसडीबी — ९३१.५जी — साटा
एसडीसी — ९३१.५जी — यूएसबी

आकडे पाहून दचकू नका. खोक्यावर १ टीबी म्हणजे एक हजार अब्ज बाइट्स असतात. एलएसबीएलके १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून ९३१.५. त्याच हिशोबाने ५०० जीबी म्हणजे ४६५.८, २ टीबी म्हणजे १.८टी, ४ टीबी म्हणजे ३.६टी, आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह २९ च्या आसपास. 'माझी तर ५००ची होती, ही ४६५ची कुठली?' असं म्हणून दुसरीच डिस्क निवडणारे भेटतात. शंका असेल तर '-बी' जोडून बाइट्समध्ये आकडा घ्या.

'ट्रॅन' हा रकाना मला सर्वात उपयोगी वाटतो. डिस्क कुठल्या वाटेने जोडली आहे ते तो सांगतो. पुसायची डिस्क यूएसबीची असेल आणि समोर साटा दिसत असेल, तर तिथंच थांबायचं. पण दोन यूएसबी डिस्क लावल्या असतील तर हा रकाना काही ठरवू शकत नाही, आणि आकारावर तर कधीच अवलंबून राहू नये.

काढा, लावा, पाहा

यूएसबीसाठी ही चाचणी अगदी साधी आहे. डिस्क काढा, यादी घ्या. लावा, परत यादी घ्या. जी ओळ नव्याने आली ती आपली. काढण्याआधी डिस्क माउंट झालेली असेल तर अनमाउंट करा. पुसायचीच आहे म्हणून खेचून काढली आणि ती भलतीच निघाली, तर नुकसान उगाच.

याहून चांगलं म्हणजे घटना घडताना पाहणं. एका खिडकीत

सुडो जर्नलसीटीएल -केएफ

चालू ठेवा आणि दुसऱ्या हाताने केबल लावा. कर्नलच्या ओळी तिथल्या तिथे सरकतात: यूएसबी उपकरण सापडलं, बनवणाऱ्याचं नाव, सिरियल नंबर, मग चौकटी कंसात एसडीसी आणि त्यात किती ब्लॉक आहेत. नाव आणि सिरियल अशी एकाच दमात, तुमच्या हाताने लावलेल्या केबलशी जोडलेली मिळतात. कंट्रोल-सी दाबून बाहेर या.

सिरियल जुळवणं, आणि तिथले खड्डे

आता स्टिकरचा फोटो समोर ठेवा आणि स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज घालून विचारा:

सुडो स्मार्टसीटीएल -आय /डेव्ह/एसडीसी

मॉडेल, सिरियल आणि डब्ल्यूडब्ल्यूएन मिळतील. सिरियल पूर्ण वाचा. एकाच वेळी घेतलेल्या दोन डिस्कचे नंबर पहिल्या चार-पाच अक्षरांपर्यंत सारखे असू शकतात, म्हणून शेवटाकडून वाचत आलेलं बरं. शून्य आणि ओ, एक आणि आय यांच्याकडे लक्ष ठेवा. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर स्क्रीनवरच्या नंबराला पुढे 'डब्ल्यूडी-' लागलेलं दिसतं, स्टिकरवर ते नसतं. त्यामुळे घाबरू नका.

मोठा खड्डा आहे यूएसबीच्या खोक्यांचा. जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून बाजारातल्या स्वस्त केसमध्ये घातली असेल, तर एलएसबीएलकेला कधी कधी केसमधल्या चिपचं नाव आणि चिपचा नंबर दिसतो, डिस्कचा नाही. काही चिपना सरसकट एकच नंबर दिलेला असतो, ०१२३४५६७८९ अशा थाटाचा. असा नंबर ओळख म्हणून कुचकामी. अशा वेळी स्मार्टसीटीएलला '-डी सॅट' हा पर्याय द्या. बहुतेक चिप त्याने बाजूला होतात आणि आतली डिस्क स्वतःचा नंबर सांगते. तेही जमलं नाही तर वरची काढा-लावा चाचणी आणि बाकी सगळं काढून ठेवणं, एवढंच हातात राहतं. तेवढं पुरतं.

आत बसवलेल्या दोन सारख्या डिस्कपैकी कुठली कुठली, हे स्टिकर दिसत नसताना पाहायचं असेल तर डिस्कला फक्त वाचायला लावा:

सुडो एचडीपार्म -टी /डेव्ह/एसडीबी

ही काही सेकंद वाचनाचा वेग मोजते, काही लिहीत नाही. केसवर किंवा ट्रेवर डिस्कनिहाय दिवा असेल तर कुठला लुकलुकतो ते पाहा; दिवा नसला तरी जुन्या हार्ड डिस्कवर बोट ठेवलं की हालचाल कळते. हेच काम लोक डीडीने करतात, वाचून शून्यात टाकतात. पुसण्याच्या दिवशी तरी तसं करू नका. डीडीमध्ये 'आयएफ' म्हणजे कुठून वाचायचं आणि 'ओएफ' म्हणजे कुठे लिहायचं. एका अक्षराची अदलाबदल झाली की वाचनाची चाचणी हीच पुसण्याची कमांड होते.

'माउंट नाही' म्हणजे 'रिकामी आहे' असं नव्हे

आपल्या उदाहरणात एसडीए आणि एसडीबी यांच्यापुढे माउंटचा रकाना रिकामा असेल. नवखा माणूस म्हणेल, या वापरात नाहीत. पण त्या दोन्ही मिळून रेड झालेल्या आहेत, आणि माउंट झालंय ते एमडी० नावाचं वरचं उपकरण. म्हणून '-डी' काढून

एलएसबीएलके -एफ

द्या आणि झाडासारखी फुटलेली रचना पाहा. फाइलसिस्टिमच्या रकान्यात लिनक्स_रेड_मेंबर, एलव्हीएम२_मेंबर, क्रिप्टो_लक्स किंवा झेडएफएस_मेंबर असं काही दिसलं, तर ती डिस्क कुठल्या तरी मोठ्या रचनेचा भाग आहे, किंवा लक्स असेल तर कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेली) आहे. तिच्यावर हात टाकण्याआधी ती रचना समजून घ्या. कुलूप न उघडलेली लक्सची डिस्क तर बाहेरून निव्वळ कचऱ्यासारखी दिसते, आणि नेमके महत्त्वाचे कागद तिच्यातच असतात.

चालू सिस्टिम कुठे आहे तेही एकदा विचारून घ्या: फाइंडएमएनटी आणि पुढे एक तिरकी रेघ. उत्तरात जे नाव येईल, ते ज्या डिस्कवर आहे ती आजच्या कामातून बाद.

उरलेल्या डिस्कवर काय आहे याची नोंद पाहायला

सुडो वाइपएफएस /डेव्ह/एसडीसी

ही कमांड आहे. नाव ऐकून भीती वाटते, पण पर्याय न देता ती फक्त खुणा दाखवते. पुसते ती '-ए' दिल्यावर. आणि तरीही मन खात असेल तर डिस्क फक्त-वाचन पद्धतीने, '-ओ आरओ' देऊन, माउंट करा आणि आतल्या फोल्डरांची नावं वाचा. दहा नंबर जुळवूनही न मिळणारी खात्री 'गावची जत्रा २०१६' असं एक फोल्डर पाहून मिळते. किंवा उलटं, डोळे उघडतात.

आता कमांड, पण नावाने

सिरियल जुळला. इथं एसडीसी टाइप करण्याचा मोह टाळा. लिनक्समध्ये /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या ठिकाणी प्रत्येक डिस्कचं मॉडेल आणि सिरियल मिळून झालेलं लांबलचक नाव असतं. साटासाठी ते 'एटीए-' ने सुरू होतं, यूएसबीसाठी 'यूएसबी-' ने, आणि यूएसबीच्या नावाला शेवटी '-०:०' लागतं. हे नाव एसडीसीकडे बोट दाखवतं. उद्या तीच डिस्क एसडीएफ झाली तर बोट तिकडे वळतं. शेवटी '-पार्ट१' असेल तर ते पार्टिशन. अख्खी डिस्क हवी असेल तर ते घ्यायचं नाही. टॅब दाबून नाव पूर्ण करताना हे 'पार्ट' हमखास चिकटतं.

एक व्हेरिएबल करा, नाव डीआयएसके, आणि त्यात ही पूर्ण वाट भरा. मग

रीडलिंक -एफ "$डीआयएसके"
एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,ट्रॅन,सिरियल,माउंटपॉइंट "$डीआयएसके"

दोन्हींचं उत्तर पाहा. माउंट झालेलं काही दिसलं तर अनमाउंट करा. फाइल मॅनेजरमधलं 'सेफली रिमूव्ह' नको, त्याने डिस्क यादीतूनच जाते. इथं एकदा खुर्चीतून उठा, पाणी प्या. परत येऊन स्टिकरचा फोटो आणि स्क्रीन पुन्हा जुळवा. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला फोटोवरचा नंबर मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही स्क्रीन पाहा. आपला स्वतःचा डोळा आपल्याला जे हवं तेच वाचतो.

आणि मगच:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ="$डीआयएसके" बीएस=४एम कॉन्व्ह=नोक्रिएट,एफसिंक स्टेटस=प्रोग्रेस

'नोक्रिएट' (टाइप करताना याच्या शेवटी 'ई' हे अक्षर नसतं) कशाला? नाव चुकलं किंवा डिस्क मध्येच निसटली, तर साधी डीडी तक्रार न करता /डेव्ह मध्ये त्याच नावाची फाइल तयार करते आणि शून्यं रॅममध्ये भरत बसते. तुम्हाला वाटतं डिस्क पुसली जातेय. 'नोक्रिएट' असेल तर 'अशी फाइल नाही' म्हणून ती तिथंच थांबते. एरवी डीडी शेवटी 'जागा उरली नाही' असं सांगून संपते. ती चूक नाही, डिस्कचं टोक आलं एवढंच. १ टीबीच्या हार्ड डिस्कला सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने तीन तासांच्या आत-बाहेर लागतात.

बॅशमध्ये ही ओळ इतिहासात राहू देऊ नका. पुढच्या महिन्यात वरचा बाण दाबताना ती नेमकी नको तेव्हा हाताशी येते. उबुंटूत कमांडच्या आधी एक स्पेस दिली की ती नोंदवली जात नाही.

एसएसडी असेल तर शून्यं भरणं हा योग्य मार्ग नव्हे, कारण आतल्या राखीव भागापर्यंत ती पोहोचत नाहीत. तिथं डिस्कचीच पुसण्याची सोय वापरावी लागते. एनव्हीएमईसाठी आधी 'सुडो एनव्हीएमई लिस्ट' देऊन सिरियल जुळवा. एक बारीक गोष्ट: एनव्हीएमई०एन१ ही नेमस्पेस एनव्हीएमई० याच कंट्रोलरची (डिस्क चालवणाऱ्या चिपची) असेल असं कर्नलच्या मल्टिपाथ, म्हणजे एका डिस्ककडे अनेक वाटा मानणाऱ्या, व्यवस्थेत धरून चालत नाही. नाव पाहून कंट्रोलर ठरवू नका, सिरियल पाहा.

चुकीची डिस्क सुरू झालीच तर

कंट्रोल-सी. त्यानंतर मशीन बंद करू नका, रीस्टार्टही नको. पहिल्या काही सेकंदांत पार्टिशनचा तक्ता आणि सुरुवातीचा भाग गेलेला असतो, पण कर्नलच्या डोक्यात जुना तक्ता अजून असू शकतो. /सिस/ब्लॉक मध्ये त्या डिस्कच्या प्रत्येक पार्टिशनच्या 'स्टार्ट' आणि 'साइझ' या फाइल असतात. ते आकडे कागदावर उतरवून घ्या. डिस्क जीपीटी (पार्टिशनच्या तक्त्याची नवी पद्धत) पद्धतीची असेल तर तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, जीडिस्क हा प्रोग्रॅम ती परत आणू शकतो. जे फोल्डर अजून वाचता येतात ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा, दुरुस्ती नंतर.

मॅक आणि विंडोज

मॅकवर 'डिस्कयुटिल लिस्ट एक्स्टर्नल' दिलं की फक्त बाहेरच्या डिस्क दिसतात. पूर्ण यादी घेण्याऐवजी हीच सवय लावा. पूर्ण यादीत 'सिंथेसाइज्ड' लिहिलेल्या ओळी वेगळ्या डिस्क नसतात, त्या एपीएफएस या मॅकच्या फाइलसिस्टिमच्या कंटेनरच्या असतात. नंबर इथंही दर वेळी बदलतो, म्हणून 'डिस्कयुटिल इन्फो डिस्क४' असं विचारून प्रोटोकॉल आणि आकार पाहा. पुसायला डीडीपेक्षा 'इरेजडिस्क' बरी. ती आधी डिस्क अनमाउंट करू पाहते, त्यामुळे चालू सिस्टिमच्या डिस्कवर तिथंच अडते.

विंडोजमध्ये डिस्कपार्ट सगळ्यांना माहीत, आणि त्यातली 'क्लीन' काही विचारत नाही. 'सिलेक्ट डिस्क' नंतर 'डिटेल डिस्क' द्यायला विसरू नका: मॉडेल, व्हॉल्यूमची अक्षरं आणि 'बूट डिस्क: यस' की 'नो' हे तिथं येतं. डिस्क ० म्हणजे सी ड्राइव्हचीच असं काही नाही. मी स्वतः पॉवरशेलला पसंती देतो, कारण तिथं सिरियलवरूनच डिस्क पकडता येते: 'गेट-डिस्क' ला '-सिरियलनंबर' देऊन आलेलं उत्तर आधी नुसतं पाहायचं, आणि एकच ओळ आली असेल तर तेच 'क्लिअर-डिस्क -रिमूव्हडेटा' कडे सोपवायचं. ती आधी विचारते. डिस्कवर कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन असेल तर वेगळी परवानगी दिल्याशिवाय पुढेही जात नाही. एक्स्टर्नल डिस्क पुसताना असा नकार आला, तर '-रिमूव्हओईएम' जोडण्याआधी सिरियल पुन्हा वाचा: असं पार्टिशन बहुतेक वेळा लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर असतं.